पाय मोडलेला ट

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमची मनू मोठ्या गटात होती. ए टू झेड पाठ, 'ए फॉर ॲपल' पाठ, बाराखडी पार ज्ञपर्यंत घडाघडा. मुलीला जवळजवळ वाचता येतंय, थोडा सराव राहिलाय, अशी आमची समजूत होती. एप्रिलमधल्या एका दुपारी मी पाटीवर इंग्रजीत 'कॅट' लिहिलं आणि विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "सी, ए, टी." "मग काय झालं?" "सीएटी." मी खाली मराठीत 'कुणी' लिहिलं. तिने क, का, कि, की, कु असं म्हणत 'कु' गाठला. मग ण, णा, णि, णी. 'णी' हाताला लागेपर्यंत 'कु' निसटला होता.

आमच्या घरात तेव्हा तिघंच होतो. मनूची आई साताऱ्यातच सरकारी रुग्णालयात नर्स, तिची ड्यूटी लागली की ती दिवसचे दिवस तिकडेच राहायची आणि आम्ही तिला फोनवर बघायचो. मी दोन-तीन व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, ते काम घरी आलं होतं. आणि माझे वडील, आबा. त्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीला शिकवण्यात गेली. पाटीवरचा हा प्रकार त्यांनी खाटेवरून पाहिला. "तिला अक्षरांची नावं येतात रे, अक्षरं येत नाहीत," एवढंच बोलले.

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. रात्री शोधत बसलो तेव्हा लक्षात आलं की फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकवायची रीत, म्हणतात ते नेमकं हेच. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि ध्वनी दुसरा. 'एच' या नावात ह कुठेच नाही, 'डब्ल्यू'मध्ये व नाही. आपला क स्वतःचं नावही क सांगतो आणि कामही कचंच करतो, त्यामुळे हा घोळ आपल्याला दिसतच नाही. इंग्रजी अक्षरं सव्वीस आणि ध्वनी सुमारे चव्वेचाळीस. म्हणून तिथे पोरांना आधी ध्वनी शिकवतात, मग ते जोडून शब्द. 'जॉली फोनिक्स' हे असं शिकवायचं साहित्य १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये निघालं, त्यात बेचाळीस ध्वनी आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच बालवाड्यांतून तेच चालतं. मनूच्या शाळेतही असेल, पण शाळाच बंद होती.

माझ्याकडे कामाचा जुना डेस्कटॉप होता. त्यावर शिकवू, असं ठरवलं. मोबाइल तिच्या हातात द्यायचा नाही हेही त्याच रात्री ठरवलं, कारण मोबाइल घेऊन पोर कोपऱ्यात जातं. डेस्कटॉप जागचा हलत नाही. तिला मांडीवर घेऊनच बसावं लागतं, आणि स्पीकरवर काय वाजतंय ते सगळ्या घराला ऐकू येतं. पुढे या गोष्टीचा फार उपयोग झाला.

पहिला प्रोग्राम मी घाईत घेतला, आणि तो चुकीचा निघाला. नाव लिहीत नाही. चित्रं रंगीत, गाणी छान, पण त्यातली बाई 'बी'चा ध्वनी 'बऽ' असा सांगायची, 'टी'चा 'टऽ', 'सी'चा 'कऽ'. तीन आठवडे मनूने तो मन लावून केला आणि सगळे ध्वनी शिकली. मग मी 'बॅट' लिहून दिलं. ती म्हणाली, "बऽ, ॲ, टऽ. बऽॲटऽ." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. माझा आवाज चढला आणि ती रडली. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं, कारण चूक तिची नव्हतीच. तिला जे तुकडे दिले होते ते जोडले तर 'बऽॲटऽ'च होणार. प्रत्येक तुकड्याच्या मागे एक जास्तीचा अ लोंबत होता.

संध्याकाळी आबांनी तिची पाटी घेतली. इंग्रजी नाहीच. मराठीत लिहिलं: स् ॲ ट्.

"हे बघ, सचा पाय मोडलाय. पाय मोडलेला स कसा बोलतो?"

"स्‌स्‌स्‌."

"आणि ट?"

मनूने जीभ लावली आणि सोडली. "ट्." नुसता टिचकीसारखा आवाज.

"आता स लंगडत लंगडत ॲकडे चाललाय. थांबायचं नाही हं मध्ये. स्‌स्‌स्‌ॲऽऽऽट्."

तिने दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून 'सॅट' आलं आणि ती आबांकडे बघतच राहिली, जणू दुसरंच कुणी बोललं.

आबांनी खाली जोडून लिहिलं, सॅट. ॲचा चंद्र सच्या डोक्यावर गेला, सचा पाय नीट झाला. मनू म्हणाली, "सचा पाय बरा झाला. पण टचा पण मोडलेला होता ना? मग तुम्ही त्याला आख्खा का काढला?"

आबांनी मला हाक मारली. "ऐकलंस का, काय विचारते ते!" मग तिला सांगितलं की मराठीत शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा पाय आपण लिहिताना मोडत नाही, बोलताना मोडतो. घर लिहितो आणि घर् म्हणतो. बस लिहितो, बस् म्हणतो. तिने घरातल्या वस्तूंवर हे ताडून पाहिलं. ताट, कप, नळ, पाट. प्रत्येकाच्या शेवटी पाय मोडलेला.

ध्वनी 'शुद्ध' म्हणा, मागे 'अ' लावू नका, हे फोनिक्स शिकवणारे परोपरीने सांगत असतात. इंग्रजीत तो जास्तीचा अ वेगळा करून दाखवायला चिन्हच नाही. आपल्याकडे हलन्त आहे. मराठी आईबापांच्या हातात हे आयतं हत्यार आहे आणि आपण ते वापरत नाही, कारण इंग्रजी शिकवताना मराठी मध्ये आणू नये असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. मला हे मनापासून सांगायचंय: आणा. ॲ आणि ऑ हे दोन्ही स्वर आपण मराठीत लिहितो. 'पेन'मधला ए आणि 'पॅन'मधला ॲ यांतला फरक मराठी पोराला पाटीवर दोन मिनिटांत दाखवता येतो.

जुना प्रोग्राम काढून टाकला. नंतरचे निवडताना मी एकच परीक्षा लावली. डोळे मिटून 'बी', 'डी', 'टी', 'पी' यांचे आवाज ऐकायचे. मागे अ लोंबत असला तर तो प्रोग्राम नको. या परीक्षेत 'टीच युवर मॉन्स्टर टू रीड' उतरला. अस्बोर्न फाउंडेशनचा होता, संगणकावर तेव्हा फुकट. पोराने आपला राक्षस स्वतः रंगवायचा, त्याचं यान मोडून पडतं, मग बेटाबेटांवर जाऊन ध्वनी शिकायचे आणि यानाचे भाग परत मिळवायचे. मनूने जांभळा राक्षस केला, तीन डोळ्यांचा. 'स्टारफॉल' ही अमेरिकेतली साइट अक्षरओळखीसाठी आणि छोट्या वाचनासाठी घेतली. दोन्हींतले उच्चार वेगळे आहेत, अमेरिकी माणूस 'हॉट'ला 'हाट'च्या जवळचं काही म्हणतो. म्हणून स्वरांसाठी एकच आवाज धरला, इंग्लंडचा. आपल्या शाळांत ऐकू येतो त्याच्या तो जवळ पडतो.

रोज पंधरा मिनिटं. सकाळी अंघोळीनंतर, माझं काम सुरू व्हायच्या आधी. माउस तिच्या हाताला मोठा होता, तिचं निम्मं लक्ष बाण जागेवर न्यायलाच लागायचं. म्हणून पहिले काही दिवस माउस माझ्या हातात आणि बोट तिचं. छोटा माउस मागवून मिळायला जून उजाडला.

जुलैत एक गोष्ट लक्षात आली. मनू भराभर पुढे चालली होती. बेटांमागून बेटं. मी खूश. एकदा शेजारी बसून हिशेब करता करता कान दिला तर लक्षात आलं, ती काही बोलतच नाही. स्क्रीनवर तीन शब्द यायचे, ती एकावर टिचकी मारायची, चुकलं की दुसऱ्यावर. कधी पहिलं अक्षर बघून अंदाज. 'पी' दिसला की मारा. प्रोग्राम बिचारा काय करणार, त्याला टिचकी कळते, तोंड कळत नाही. मी कागदाने दोन शब्द झाकले आणि तिसरा वाचायला सांगितला. तिला येईना.

त्या दिवसापासून घरात नियम झाला: आधी तोंडाने, मग बोटाने. शब्द मोठ्याने वाचल्याशिवाय माउसला हात लावायचा नाही. वेग एकदम निम्म्यावर आला. दोन दिवस ती रुसली. पण पुढच्या पंधरवड्यात जी प्रगती झाली ती आधीच्या दोन महिन्यांत झाली नव्हती. कुणी मला विचारलं की संगणकावर पोराला वाचायला शिकवायचं तर पहिली गोष्ट कुठली, तर मी हीच सांगतो. संगणक न कंटाळता तोच ध्वनी शंभर वेळा काढतो, आपला घसा तिथे पुरत नाही. पण ध्वनी जोडले जातात ते तोंडात, आणि ते ऐकायला शेजारी माणूस लागतं.

आबांचं आणि माझं वाजलं ते निरर्थक शब्दांवरून. खेळात मधेमधे असे शब्द येतात ज्यांना काही अर्थच नसतो, 'व्हॉप', 'जब' अशा धाटणीचे. आबा संतापले. "ज्याला अर्थ नाही ते वाचायचं कशाला? पोराला शब्द द्यायचा तर तो त्याच्या ओळखीचा पाहिजे." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. मी त्यांना वाचून दाखवलं की इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या मुलांची वर्षअखेरीला एक तपासणी घेतात. चाळीस शब्द, त्यांतले वीस खरे आणि वीस बिनअर्थाचे. बिनअर्थाच्या शब्दाशेजारी एखाद्या काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे पोराला कळावं की हे त्याचं नाव आहे. खरा शब्द पोर नुसता आकार बघून ओळखू शकतं, पण जो शब्द जगात नाहीच तो ध्वनी जोडूनच वाचावा लागतो.

आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पाटीवर मराठीत तीन शब्द: टिबू, मोकी, गुळप. बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्या मनूला त्यांतला एकही धड वाचता आला नाही. आबा बराच वेळ पाटीकडे बघत बसले. मग म्हणाले, "आता मराठीला हात घालू."

तोवर मी मराठी गृहीतच धरली होती. मराठी काय, येईलच, बोलतो तसं लिहितो. पण शोधायला गेलो तेव्हा इंग्रजीसारखा, ध्वनी जोडायला शिकवणारा मराठी प्रोग्राम माझ्या हाताला लागला नाही. होती ती सगळी क कमळाचा, ख खटाऱ्याचा, आणि चालीवर बाराखडी. म्हणजे मनूला जे आधीच येत होतं तेच.

आबा म्हणाले, "तुझ्या त्या इंग्रजी राक्षसाने सुरुवात कुठून केली? ए, बी, सीपासून केली का?" नव्हती केली. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी सुरुवात होते, कारण या सहांत ढीगभर शब्द होतात: सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन, पॅन, स्पिन. आबा हसले. "आणि आम्ही ग म भ न का शिकवायचो? क ख ग का नाही?" मी हा विचार कधी केलाच नव्हता. 'गमभन' म्हणजे श्रीगणेशा, एवढंच ठाऊक. ही अक्षरं वळणाने एकमेकांच्या जवळची, हात तोच राहतो आणि थोडं थोडं बदलतो. आणि चारच अक्षरांत मन, नभ, नग, गगन, नमन, गमन असे शब्द होतात. त्यांची मांडणी वर्णमालेतल्या क्रमाची नाहीच, कामाची आहे. हे माझ्या वडिलांनी वर्षानुवर्षं केलं होतं आणि मी ते परदेशातल्या प्रोग्रामकडून शिकत होतो.

मात्राही लवकर आणायच्या, हेही त्यांचंच. इथून जवळ फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. त्या अमेरिकेतून आल्या आणि फलटणच्याच झाल्या. थोडी अक्षरं घ्यायची, लगेच काही स्वरचिन्हं द्यायची आणि पोराला अर्थाचे शब्द वाचायला लावायचे, सगळी बाराखडी संपायची वाट बघायची नाही, अशी तिथली रीत. आबांनी नोकरीत असताना ती ऐकली-पाहिली होती.

मग आम्ही आमचाच प्रोग्राम केला. मोठं काही नाही, लिबरऑफिसमध्ये स्लाइड केल्या. एकेका स्लाइडवर अक्षर, टिचकी मारली की आवाज. आवाज आबांचा. रेकॉर्डिंग रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, मोबाइल उशीवर ठेवून. आबा अंगात बनियन, घामाघूम, पण एकेक ध्वनी चार-चार वेळा म्हणायचे आणि स्वतःच नापास करायचे. "या ळला धार नाही, पुन्हा घे."

सगळ्यात जास्त वेळ गेला पहिल्या वेलांटीत. मनू 'कि'ला 'इक' वाचायची. तिचं बरोबरच होतं. डावीकडून वाचायचं तर आधी वेलांटी भेटते, पण तोंडात आधी क येतो. बाराखडीच्या चालीत हे कधी उघड होत नाही, कारण तिथे पोर बघतच नाही, गातं. मी स्लाइडवर अशी हालचाल बसवली: आधी एकटा क येतो, आवाज क्. मग उजवीकडून वेलांटी येते, कच्या डोक्यावरून चढून डावीकडे उतरते, आवाज इ. मग दोन्ही मिळून कि. मनूने ते वीसेक वेळा तरी चालवलं असेल. चौथ्या दिवशी 'किती', 'मिठी', 'चिमणी'. रफार आम्ही मुद्दाम मागे ठेवला, 'सूर्य'मधला र बसतो एकावर आणि बोलतो त्याच्या आधी, ते पुढे केव्हातरी.

'बोलतो तसं लिहितो' हेही पुरतं खरं नाही, ते तेव्हा कळलं. चहातला च वेगळा आणि चमच्यातला वेगळा. 'जहाज'मध्ये पहिला ज एक आणि शेवटचा दुसरा. मनूने विचारलं तेव्हा मी गडबडलो. आबांनी दोन्ही च आपल्या आवाजात भरले आणि तिला सांगितलं, "शब्द ओळखीचा असला की च आपोआप बरोबर येतो. आधी एक म्हणून बघ, नाही पटला तर दुसरा." ती अजूनही तसंच करते, नवीन शब्द दोन्ही चने चाखून बघते.

उलट बाजूला माझी शिकवणी चालू होती. इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू' मी जन्मभर एकच व म्हणत आलो. 'वेट' म्हणजे ओला की जनावरांचा डॉक्टर, हे माझ्या तोंडून कळायचं नाही. खेळात मनूचं तिथे वारंवार अडायचं. आम्ही दोघं आरशासमोर उभे राहिलो. एकाला वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्याला ओठांचा चंबू, दात कुठेच नाहीत. तिला दोन दिवसांत जमलं, मला अजून आठवून करावं लागतं.

जानेवारी २०२१ मध्ये तिचा एक आवडता जुना खेळ अचानक उघडेना. तो फ्लॅश नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारा होता आणि फ्लॅश जगभरातच बंद झालं. मनू हिरमुसली. मी तिला आमच्या स्लाइडकडे वळवलं, आणि तेव्हापासून आबांचा आवाज हाच तिचा मुख्य प्रोग्राम झाला.

पुढे सरावासाठी गूगलचं 'रीड अलाँग' घेतलं, मोबाइल मांडीवर ठेवून. त्यात मराठी गोष्टी होत्या, पोर वाचायचं आणि दिया नावाची चित्रातली मुलगी ऐकायची, अडलं तर शब्द सांगायची. पंखा चालू असला की आमच्याकडे ऐकण्यात घोळ व्हायचा, म्हणून तेही पंखा बंद करून. फोनवर आईला गोष्ट वाचून दाखवायची म्हणून मनूने तिथल्या तीन गोष्टी कसून बसवल्या. पाठ नाही केल्या, हे मी तपासलं. मधल्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं.

निर्बंध सैल झाल्यावर, पावसाळ्यात, आबा तिला घेऊन एसटी स्टँडवर गेले, मीही बरोबर होतो. सव्वा वर्षाने स्टँड बघत होतो आम्ही. समोर लाल गाडी उभी. मनूने पाटीवर नजर लावली. "फ, ल, ट, ण. फलटण!" आबांनी काही न बोलता तिचा हात दाबला. मग तिची नजर काचेवरच्या दुसऱ्या पाटीवर गेली. ओठ हलत होते, आवाज नाही. मग हळूच, "वि, ना, थां, बा." थांबली. पुन्हा, या वेळी मध्ये न थांबता, "विनाथांबा."

तिने आबांचा सदरा ओढला. "आबा, हा खरा शब्द आहे की राक्षसाचा?"